दिसलं तेवढंच काढलं

ता. ४ मार्च

माझ्या भिंगरीला आजीचे ओंजळभर आशीर्वाद. त्यातले थोडे तुझ्या तंबूतल्या बाकीच्यांनाही वाट, एकटीनं सगळे संपवू नकोस.

आधी महत्त्वाचं. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. हे वरच लिहिलं, कारण पुढचं वाचून तू घाबरायला नको. तुझ्या बाबाच्या व्हॅनला अपघात झाला. सोमवारी सकाळी तो शाळेच्या फेरीला, पहिल्या मुलाला घ्यायला निघाला होता, म्हणजे गाडीत कुणी नव्हतं. शिवणवालीच्या दुकानाजवळ, जिथे डावीकडून ती अरुंद गल्ली येते ना, तिथे औषधाच्या दुकानवाल्याची लाल गाडी आणि आपली व्हॅन एकमेकींना भिडल्या. बाबाच्या खांद्याला मुका मार. औषधवाल्याला काहीच नाही, फक्त तोंड चालू. आपल्या व्हॅनचा डावीकडचा पुढचा कोपरा पार चेपला. दिवा गेला, आरसा गेला, बंपर तर लोंबत होता.

आता खरं सांगू का? वाईट वाटायला हवं, आणि वाटलंही. पण इतकं काम मला कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं! तुझ्या बाबाला कागदपत्रांचा कंटाळा. तुझी आई असती तर तिनं एका दुपारी सगळं उरकलं असतं, ती गेल्यापासून आपल्या घरात फॉर्म म्हटलं की सगळ्यांची तोंडं कडू. मग म्हटलं आण इकडे. तीन इयत्ता शिकले म्हणून काय झालं, फॉर्मवरची अक्षरं मोठी असतात. चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि बसले.

विम्याच्या कंपनीनं गाडी बघायला एक माणूस पाठवला. सर्व्हेअर म्हणतात त्याला. उंच, सडपातळ, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. मी त्याला चष्मेवाला म्हणते, तोंडावर नाही. भिंगरी, हा माणूस मला पहिल्या मिनिटापासून पसंत नाही. फार हळू बोलतो. हळू बोलणारा माणूस मध्ये विचार करत असतो, आणि एवढा विचार करायला आहे काय त्यात? गाडी चेपली आहे, दिसते आहे, लिहा.

तर फॉर्ममध्ये एक मोठा चौकोन आहे. वर लिहिलंय, ‘चालकाने जे पाहिले त्याचा नकाशा येथे काढावा.’ तुझ्या बाबानं काढला, पट्टी घेऊन, नीट. चष्मेवाल्यानं तो बघितला, परत बघितला आणि म्हणाला, “यात दुसरी गाडी कुठे आहे?”

बाबा म्हणाला, “मला दिसली नाही, तर काढू कशी?”

बरोबर आहे की नाही? त्यावर चष्मेवाला म्हणतो कसा, “ठीक आहे. दोन दिवसांनी पुन्हा काढून ठेवा.” म्हणजे न बघितलेली गाडी काढायची! उद्या म्हणेल, हत्ती काढा. यात कुठेतरी पाणी मुरतंय. त्या औषधवाल्यानं याला काहीतरी चारलंय, असं माझं मन सांगतं.

तो नकाशा खिडकीच्या काचेवर धरून मी उन्हात उतरवून घेतला आहे. सोबत पाठवते. तू दिवसभर जमिनी मोजतेस, नकाशे काढतेस, तुला कळेल आपली बाजू किती पक्की आहे. फोन तुझ्या डोंगरात लागत नाही हे एका अर्थी बरंच, कारण फोनवर बोलताना तुझा बाबा शेजारीच बसतो.

स्वेटर पोचला का? बाह्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत, उलट्या दुमड.

तुझी आजी

---

ता. ९ मार्च

आजी,

तुझं पत्र शुक्रवारच्या जीपनं आलं. स्वेटरही आला. बाह्या गुडघ्यापर्यंत येतात, पण इथे थंडी आहे, चालतंय.

बाबाच्या खांद्याला नक्की जास्त काही नाही ना? एक्स-रे काढला का? पुढच्या पत्रात सरळ सांग, विनोद करू नकोस.

नकाशा बघितला. तू उतरवलास अगदी हुबेहूब, पण आजी, बाबानं काढला आहे अर्धाच. उजवीकडे शिवणवालीचं दुकान, पायरी, विजेचा खांब, झाड, सगळं जागच्या जागी. डावीकडे मात्र काही नाही. गाडी तर नाहीच, गल्लीसुद्धा नाही. कागद तिथे कोरा आहे.

आमच्या कामात नकाशा कोरा राहतो तो दोनच कारणांनी. एक तर तिथे कुणी गेलेलं नसतं, नाहीतर तिथे जे आहे ते कुणाला दाखवायचं नसतं. बाबा तिथून बावीस वर्षं जातोय.

तो त्या वेळी फोन बघत होता का? मुलांच्या आया त्याला सकाळी सारख्या निरोप पाठवत असतात. तू चिडू नकोस, मी फक्त विचारते आहे. आणि त्या सर्व्हेअरशी भांडू नकोस. त्याचं कामच शंका घेण्याचं आहे.

भिंगरी

---

ता. १३ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला जरा कमी. स्वतःच्या बापावर शंका? त्याचा फोन त्या दिवशी घरी चार्जिंगला होता. माझ्याच उशीजवळ. त्याच्यावर तीन निरोप आले ते मीच वाचले, त्यातला एक ‘आज सर्दी आहे, येणार नाही’ असा होता. झालं समाधान?

खांद्याचा एक्स-रे काढला. हाड शाबूत. हे सरळ सांगितलं, आता मला विनोद करू दे.

मी सध्या रोज गॅरेजमध्ये जाते. हसू नकोस! घरून स्टूल नेलं आहे, विणकाम नेते आणि व्हॅनसमोर बसते. पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाला, “आजी, इथे तेलकट आहे, साडी खराब होईल.” मी म्हटलं, “होऊ दे, धुता येते. गाडीतले चांगले भाग काढून जुने बसवलेस तर ते मला धुऊन काढता येणार नाहीत.” तो कपाळावर हात मारून आत गेला. मी प्रत्येक चांगल्या भागावर आतून लाल लोकरीची गाठ बांधून ठेवली आहे. रोज येऊन गाठी मोजते. अजून सगळ्या आहेत, पण म्हणून तो सुटला असं नाही.

कारण ऐक. परवा मला बोलावून तो म्हणाला, “आजी, जरा इकडे या. ही बाजू बघा.” आणि व्हॅनच्या डाव्या अंगावर बोट फिरवलं. चेपलेला कोपरा सोडून मागेसुद्धा ओरखडे, इथे पोचा, तिथे पोचा. म्हणतो, “हे आत्ताचे नाहीत, जुने आहेत. वर्षभरात डावा आरसा मी तीनदा बदलला. उजव्या बाजूला बघा, एक रेघ नाही.” मी म्हटलं, “मग?” तर म्हणाला, “मग काही नाही. मी नुसतं दाखवलं.”

नुसतं कोण दाखवतं? काम वाढवायला बघतोय, दुसरं काय. मी सरळ सांगितलं, जेवढं विम्यात बसतं तेवढंच कर.

चष्मेवाला घरी येऊन गेला. दुसरा नकाशा बाबानं तयार ठेवला होता. पहिल्यासारखाच, फक्त झाडाला या वेळी पानं काढली होती. चष्मेवाल्यानं बराच वेळ पाहिला. मग सही करायला फॉर्म पुढे केला आणि स्वतःचं पेन टेबलावर ठेवलं. बाबा शोधतोय, पेन कुठे, पेन कुठे. ते त्याच्या डाव्या हाताशीच होतं! चष्मेवाला नुसता बघत बसला, एका शब्दानं सांगितलं नाही. शेवटी मी उचलून दिलं. समोरच्याला गोंधळवायचं आणि घाईघाईत सही घ्यायची, हे असले लोक असंच करतात. जाताना त्यानं बाबाचं वय विचारलं. फॉर्मवर लिहिलेलं आहे ते! आणि परत जाताना औषधवाल्याच्या दुकानात शिरून चांगली पंधरा मिनिटं बसला. मी वाचनालयाच्या पायरीवरून मोजली.

शिवणवालीलाही भेटले. ती म्हणते, “लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी अर्धी बाहेर येऊन थांबली होती. हॉर्नही देत होता. तुमचा लेक सरळ आला, ब्रेकसुद्धा मारला नाही.” मी विचारलं, औषधवाल्याची बायको कपडे कुठे शिवते गं? तर म्हणाली, “इथेच शिवते, पण तुम्हीही इथेच शिवता, आजी.” हे मात्र खरं आहे. माझा निळा झंपर अजून तिच्याकडेच आहे. तरी पण.

व्हॅन पंचवीस तारखेला मिळणार. तोवर मुलांना दुसरा व्हॅनवाला नेतो. तो जोरात गाणी लावतो म्हणून चार मुलांच्या आयांनी तक्रार केली. तुझा बाबा तारखा मोजतोय. सकाळी सहाला उठून तयार होतो आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही. अकरा मुलं आहेत या वर्षी. धाकटी, दात पडलेली, ती रस्त्यात भेटली तर त्याच्या पायाला मिठी मारून म्हणाली, “काका, माझी खिडकीची जागा कुणाला दिली नाहीत ना?” घरी आल्यावर तो बराच वेळ नाक शिंकरत होता.

असा माणूस खोटं काढेल? लिही मला.

आजी

---

ता. १७ मार्च

आजी,

रागावलीस ते पत्राच्या वजनावरूनच कळलं.

मीही आता लपवत नाही. गेल्या सुट्टीत बाबा मला स्टँडवर सोडायला आला होता. डावीकडून एक सायकलवाली बाई जात होती, तिला तो इतका घासून गेला की ती पडता पडता वाचली. मी ओरडले. बाबा म्हणाला, “कुठून आली कोण जाणे!” ती चांगली दोनशे पावलं आमच्या पुढे सायकल चालवत होती, आजी. मला तेव्हा वाटलं की वयाबरोबर त्याला चूक कबूल करणं जड जातंय. मी काही बोलले नाही. आता शिवणवालीचं वाचलं आणि तेच आठवलं.

तो खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. पण अकरा मुलं आहेत. तो काही लपवत असेल तर व्हॅन हातात यायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

एक करशील? विम्याचं नाव न काढता त्याला घरापासून शाळेपर्यंतचा सगळा रस्ता काढायला सांग. दोन्ही बाजू, वळणं, दुकानं, गल्ल्या. म्हण, भिंगरीला हवा आहे, तिच्या साहेबांना गावाच्या नकाशाचा नमुना दाखवायचा आहे. ती गल्ली यातही गाळली तर तो ती मुद्दाम गाळतोय. मग मी स्वतः येऊन त्याच्याशी बोलेन.

हे वाचून तू मला दुष्ट म्हणशील. म्हण. पण कर.

भिंगरी

---

ता. २१ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र काल आलं. वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हटलं, आता दाखवतेच हिला.

आज दुपारी बाबाला म्हटलं, पोरीला नकाशा हवाय. इतका खूश झाला! कॅलेंडरचं जुनं मोठं पान उलटं केलं आणि बसला. भिंगरी, काय काढलंय म्हणून सांगू. आपलं फाटक, त्याची तिरकी कडीसुद्धा. पाण्याची टाकी. बेकरी. कोणत्या घराशी कुत्रा, कोणत्या घराशी हॉर्न वाजवायचा नाही कारण आत तान्हं बाळ आहे. अकरा घरांना अकरा आकडे. आणि शिवणवालीच्या समोर, डावीकडे, ती गल्ली. गल्लीच्या तोंडाशी खांबावर तो गोल फुगीर आरसा आहे ना, तोसुद्धा. शेजारी लिहिलंय, ‘इथे हळू.’

मी तर टाळीच वाजवली. म्हटलं, हे बघ, काही लपवत नाही माझा लेक!

मग वाटलं, विचारूनच टाकावं. म्हटलं, “अरे, ही गल्ली इथे काढलीस, मग विम्याच्या कागदावर का नाही काढलीस?”

तो शांतपणे म्हणाला, “आई, हा रस्ता मला पाठ आहे, डोळे मिटून काढेन. त्या कागदावर लिहिलंय, जे पाहिलं ते काढा. त्या दिवशी मी तिथे बघितलं, तिथे काहीच नव्हतं. मग मी कसं काढू? खोटं होईल ना ते.”

तो पुन्हा कागदावर वाकला. मी चहाचा कप घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी होते. म्हटलं, घेईल आत्ता. उभीच राहिले. वाफ निघत होती. त्यानं मान वर केली, समोरच्या भिंतीकडे बघितलं, खोलीत कुणीच नाही असं तोंड केलं आणि मला हाक मारली. “आई, चहा झाला का गं?”

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

कप ठेवला. झंपराचं एक मोठं बटण कनवटीला होतं ते टेबलावर त्याच्या डावीकडे ठेवलं. म्हटलं, “बटण दे रे ते.” त्यानं समोर बघितलं, उजवीकडे बघितलं. म्हणाला, “कुठलं बटण?” मग मान पुरी वळवली आणि हसला, “हे होय. लपवून ठेवतेस आणि मागतेस.”

भिंगरी, तो लपवत नाही. त्याला डावीकडचं दिसत नाही. आणि ते त्याला माहीतच नाही. जिथे दिसत नाही तिथे त्याला अंधार दिसत नाही, तिथे काही नाही असंच त्याला वाटतं. त्यानं कागद कोरा सोडला तो अगदी खरा सोडला.

आणि मी काय करत होते? मिस्त्रीनं मला बोट धरून ओरखडे दाखवले, मी त्याला लुबाड्या म्हटलं. शिवणवालीनं डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं, मी तिच्या शिलाईवर गेले. त्या चष्मेवाल्यानं पेन ठेवलं ते कशासाठी, हे आता मला कळतंय. सगळ्या जगावर पाळत ठेवली आणि घरातल्या माणसाकडे बघितलं नाही. रोज त्याला वाढते मी. डावीकडचं पाण्याचं भांडं किती वेळा सांडलं असेल! प्रत्येक वेळी म्हटलं, धांदरट.

व्हॅन चार दिवसांत मिळेल. काय करायचं ते तू लिहीपर्यंत मी थांबू शकणार नाही, तरी लिही.

आजी

---

ता. २४ मार्च

आजी,

पत्रं नेणारी जीप तंबूबाहेर उभी आहे, चालकाला पाच मिनिटं थांबवलं आहे.

मी नकाशे काढते, मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. मी तिसरं कारण धरलंच नाही, की काढणाऱ्याला तिथलं दिसलंच नसेल. बाबाला खोटारडा ठरवून बसले. त्या सायकलवाल्या बाईच्या दिवशीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर?

त्याला व्हॅन देऊ नकोस. काहीही कर. किल्ली लपव, आजारी पड, मिस्त्रीला उशीर करायला सांग. तो तुझं ऐकणार नाही, मुलांचं नाव काढलं की तो कुणाचंच ऐकत नाही, म्हणून तोंडावर सांगू नकोस. मी रजा मागितली आहे. तीस तारखेला पोचते. मी त्याला समजावेन.

भिंगरी

---

ता. २८ मार्च

माझी भिंगरी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. उशीर झाला, पण त्यातली मिस्त्रीची युक्ती मी आधीच करून चुकले होते आणि ती चालली नाही. तू निघालेली असशील, हे तुला वाटेत नाही तर इथे माझ्या हातूनच मिळेल. तरी लिहिते. बोलताना मी भरकटते, लिहिताना जरा कमी.

चोवीस तारखेला मी मिस्त्रीकडे गेले. म्हटलं, बाबा रे, व्हॅन चार-आठ दिवस अडकव. काहीतरी भाग आला नाही म्हणून सांग. तो पाना खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. “आजी, तीन आठवडे तुम्ही इथे बसून मला चोर म्हणालात. एक गाठ सुटली नाही. आणि आता तुम्हीच मला खोटं बोलायला सांगता?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यानंच स्टूल पुढे ओढलं, पुसलं, आणि म्हणाला, “कधी कळलं तुम्हाला?” म्हणजे त्याला ठाऊक होतं. म्हणाला, “गेल्या वर्षापासून शंका होती. बोललोही होतो एकदा. तुमचा लेक म्हणाला, आरसेच हलक्या प्रतीचे लावतोस तू.”

तिथून चष्मेवाल्याच्या ऑफिसात गेले. दुसरा मजला, जिना उभा, वर पोचेपर्यंत माझं भांडण दमून गेलं होतं. त्यानं मला पाणी दिलं. हळूच बोलला, तसाच. म्हणाला, डोळे तपासून घ्यावेत असं त्यानं अहवालात लिहिलंय, पण तो कागद वरच्या ऑफिसात जाऊन घरी यायला महिना लागेल. मी म्हटलं, तुम्ही तोंडानं का नाही सांगितलंत? तो म्हणाला, “सांगायचं होतं. पण तुमच्या दारात पाऊल टाकलं की तुम्ही माझ्याकडे अशा बघायच्या, की मी काही बोललो असतो तर औषधवाल्यानं बोलायला लावलं असंच तुम्ही म्हटलं असतं.” आणि वर, “म्हटलं असतं ना?” मी हो म्हटलं. आता या वयात काय खोटं बोलायचं. आणि तो औषधवाल्याकडे पंधरा मिनिटं बसला होता ना, ते डोळ्यांचे थेंब घ्यायला. त्याला स्वतःला तोच आजार आहे.

मी निघाले तेव्हा तो म्हणाला, “आजी, तोंडी सांगून पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. त्यांना दाखवा.”

मग पंचवीस तारीख उजाडली. तुझा बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजला निघाला. मीही निघाले. व्हॅन अशी चकचकीत केली होती की आपलीच का असं वाटलं. बाबा आत बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला. मी म्हटलं, “थांब. किल्ली लावू नकोस. भिंगरीला अजून एक नकाशा हवाय. गाडी चालवताना बघतोस तसं समोर बघायचं, मान वळवायची नाही, आणि जे दिसेल ते काढायचं.” तो म्हणाला, “आत्ता?” मी म्हटलं, आत्ता. माझा आवाज ऐकून त्यानं कागद घेतला.

मिस्त्रीला मी पुढे उजवीकडे उभं केलं. मी स्वतः डावीकडे उभी राहिले, नव्या आरशाला हात लावून. हिरवी साडी, हातात पिवळी पिशवी. तो वर बघायचा, खाली काढायचा. वर, खाली. माझ्या अंगावरून त्याची नजर गेली की नाही ते मला दिसत होतं, नव्हती जात. मी हलले नाही. मिस्त्रीसुद्धा पुतळ्यासारखा उभा.

त्यानं कागद खिडकीतून बाहेर काढला. “घे. आणि तू कुठे गेलीस गं?”

मी म्हटलं, “इथे.”

त्यानं मान वळवली. मी कागद त्याच्यासमोर धरला. मिस्त्री होता त्यावर, मिशीसकट. शटर होतं, तेलाचा पिंप होता, भिंतीवरची घड्याळाची चौकट होती. मी म्हटलं, “सगळं काढलंस, बाळा. मला नाही काढलंस.”

तो कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग मान सरळ केली आणि एकदम पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. असं चार-पाचदा. मी येत होते आणि जात होते. त्याच्या चेहऱ्यावर ते कसं उतरत गेलं ते तुला सांगता येणार नाही मला, माझी तीन इयत्तांची अक्षरं त्याला पुरत नाहीत. पहिला शब्द त्याच्या तोंडून आला तो असा, “आई, धाकटी डावीकडून चढते.”

मग खाली उतरला आणि किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. मी काढून घेतली नाही, भिंगरी. त्यानं दिली.

डॉक्टरकडे परवा गेलो. काचबिंदू म्हणतात त्याला. डावा डोळा जवळजवळ गेलेला आहे, तो आता यायचा नाही. उजव्यालाही नाकाकडून सुरुवात झाली आहे, पण थेंब टाकत राहिलं तर तो टिकेल. व्हॅन मात्र चालवायची नाही, कधीच नाही. हे डॉक्टरनं सांगायच्या आधी यानंच विचारून टाकलं. तू येशील तेव्हा समजवायला काही शिल्लक नाही. नुसती त्याच्याजवळ बस. उजवीकडे.

चष्मेवाल्यासाठी त्यानं तिसरा कागदही भरून दिला. डावीकडचा भाग कोराच ठेवला आणि त्यात लिहिलं, ‘मला या बाजूचे दिसत नाही, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते.’ क्लेम मिळेल की अडकेल, बघू. चष्मेवाला म्हणाला, अहवालात तो खरं तेच लिहील. या खेपेला मी त्याला चहा दिला.

पण खरं काम पुढेच होतं. काल सकाळी बाबा म्हणाला, “अकरा घरी जाऊन सांगायला हवं.” मी म्हटलं, फोन कर की, नाहीतर नव्या व्हॅनवाल्याकडून कळेलच. म्हणाला, “नाही. मुलं माझ्या हातात दिली होती त्यांनी. तोंडानं सांगेन.” आणि निघाला, पायी. मी बरोबर.

पहिलंच घर, तान्ह्या बाळाचं, जिथे हॉर्न वाजवायचा नाही. त्या मुलाची आई दारात आली, आधी हसली. हा सरळ उभा राहून म्हणाला, “मला डावीकडचं दिसत नाही. किती दिवसांपासून ते माहीत नाही. कदाचित वर्षभर. तुमचा मुलगा रोज माझ्या गाडीत होता. मला माहीत नव्हतं, पण होतं हे असं.”

तिचं हसू गेलं. तिनं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. भिंगरी, ती नजर मी ओळखली. तीन आठवडे त्याच नजरेनं मी मिस्त्रीकडे, शिवणवालीकडे, त्या बिचाऱ्या चष्मेवाल्याकडे बघत होते. खरंच माहीत नव्हतं याला? का आता अपघात झाला म्हणून सांगतोय? ते सगळं तिच्या डोळ्यांत होतं, आणि ते माझ्या लेकावर रोखलेलं होतं. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली. तुझ्या पोराला बावीस वर्षं, म्हणजे त्याच्या आधीच्यांना, एक ओरखडा… असं काहीतरी. याला कळलं असावं. त्यानं हळूच माझा हात दाबला.

ती आत गेली. दार लोटलं, कडी लावल्याचा आवाज आला. यानं खिशातून अकरा घरांची यादी काढली, पहिल्या नावावर रेघ मारली आणि म्हणाला, “चल आई.”

काल सहा घरं झाली. एकीनं त्याला आत बसवून पाणी दिलं. एका बापानं आवाज चढवला. तोही यानं ऐकून घेतला, पूर्ण, मान त्याच्याकडे वळवून. आज पाच आहेत. त्यातलं शेवटचं धाकटीचं. तिला काय सांगायचं ते त्यानं अजून ठरवलेलं नाही, मला विचारलं, मलाही सुचलं नाही.

आता थांबते. तो चपला घालून फाटकाशी उभा आहे.

आजी